धर्मग्रामाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात स्मरणिकेपासून नको

प्रश्न असा आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी कॅथलिक मिशनचे जुने चर्च आहे. पुढच्या वर्षी धर्मग्रामाचा, म्हणजे त्या चर्चभोवतीच्या कॅथलिक समाजाचा, अमृतमहोत्सव आहे आणि फादरांनी इतिहास लिहिण्याचे काम तिथल्याच एका शिक्षकाकडे सोपवले आहे. हाताशी आहे ती सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. तिच्यात स्थापनेचे साल एका पानावर एक आहे, दुसऱ्या पानावर दुसरे, आणि त्यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. खरे कोणते धरायचे, आणि कामाला लागायचे कुठून?

दोन्ही साले खरी असण्याचीच शक्यता जास्त आहे. मिशनच्या धर्मग्रामाला एक जन्मतारीख नसते, निदान सहा असतात: फिरतीवरचा फादर गावात पहिल्यांदा उतरला ती, पहिला बाप्तिस्मा झाला ती, जागा नावावर झाली ती, फादर कायम राहायला आला ती, चर्चचा आशीर्वादविधी झाला ती, आणि बिशपांनी लेखी आदेश काढून धर्मग्राम उभारला ती. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत तीस-चाळीस वर्षे सहज जातात. स्मरणिका लिहिणारा यांतली हाताला लागेल ती उचलतो आणि तिला 'स्थापना' म्हणतो. पुढचा लेखक तीच उतरवून घेतो. म्हणून पहिल्याच दिवशी वहीच्या एका पानावर ही सहा नावे खाली खाली लिहा. प्रत्येकापुढे तारीख, कोणत्या कागदावरून घेतली तो कागद, त्याचे पान आणि तो कागद प्रत्यक्ष कोणी पाहिला त्याचे नाव, एवढे रकाने करा. कागद नसलेली तारीख पेन्सिलीने लिहा. छापताना 'स्थापना' हा शब्द शक्यतो टाळा. 'अमुक साली केंद्र सुरू, अमुक साली निवासी फादर, अमुक साली स्वतंत्र धर्मग्राम' असे लिहिले की वाद उरत नाही.

यात शब्दांची गल्लत फार होते. मिशनच्या जुन्या कागदांत 'स्टेशन' म्हणजे फादर राहतो ते ठिकाण आणि 'सबस्टेशन' म्हणजे तो महिन्या-दोन महिन्यांनी जातो ते गाव. 'पॅरिश', म्हणजे बिशपांच्या आदेशाने उभारलेला धर्मग्राम, हा त्याहून निराळा, चर्चच्या कायद्याचा शब्द आहे. १९०० च्या आसपासच्या पत्रात गावाचे नाव दिसले म्हणून तेव्हापासून तिथे पॅरिश होती असे ठरत नाही.

कागद कुठे पडून असतील

हे ठरवण्यासाठी विदर्भाच्या धर्मप्रांतांच्या (एकेका बिशपांच्या हाताखालच्या प्रदेशांच्या) सीमा कशा बदलल्या ते पाठ हवे. नागपूर धर्मप्रांत ११ जुलै १८८७ रोजी विशाखापट्टणमच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. म्हणजे त्याआधीचा पत्रव्यवहार असलाच तर तो विशाखापट्टणमकडचा. दोन्हीकडे काम करणारे फादर सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे, म्हणजे फ्रान्सेलियन. त्यांचे मूळ सॅव्हॉयमधल्या ॲनेसीचे, भाषा फ्रेंच. नागपूरचे पहिले बिशप ॲलेक्सिस रिकाझ हेही त्याच संघाचे. नागपूर १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला. पुढे ८ मे १९५५ रोजी अमरावती धर्मप्रांत निघाला आणि वऱ्हाडातली केंद्रे तिकडे गेली. १९६२ मध्ये चांदा (आजचे चंद्रपूर) भागात सिरो-मलबार रीतीचे, म्हणजे केरळातल्या, कॅथलिकच पण वेगळ्या उपासनेच्या परंपरेचे, वेगळे क्षेत्र झाले, तेच आजचे चांदा धर्मप्रांत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. अकोला, बुलडाणा किंवा यवतमाळकडच्या धर्मग्रामाने १९५५ पूर्वीचे कागद अमरावतीत शोधून दमू नये, नागपूरला जावे. चंद्रपूरकडच्यांनी १९६२ ही रेघ धरावी. तिथे त्या रेषेवर फादरांचा संघ बदलला, उपासनेची रीत बदलली आणि रजिस्टरांचे नमुनेही बदलले. स्मरणिकेत 'जुने फादर' आणि 'नवे फादर' यांच्यामध्ये जी मोठी पोकळी दिसते ती बहुधा हीच.

सरकारी सीमाही तशाच हलल्या. १९०५ मध्ये वऱ्हाडातले एलिचपूर आणि बासीम हे जिल्हे मोडले आणि वणी जिल्ह्याचा यवतमाळ जिल्हा झाला. गडचिरोली १९८२ मध्ये, वाशीम १९९८ मध्ये आणि गोंदिया १९९९ मध्ये वेगळे झाले. १९३० च्या कागदात गोंदियाकडचे गाव 'भंडारा' खाली शोधावे लागते. वडगाव, पिंपळगाव, चिखली ही नावे तर दर तालुक्यात सापडतात. मौजा, तालुका आणि जवळची नदी किंवा रेल्वे स्टेशन ही तिन्ही जुळल्याशिवाय गाव पक्के धरू नका.

आणखी एक खबरदारी. आपल्याकडे 'मिशन' म्हटले की माणसे सगळे एकत्र करतात. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. यवतमाळला फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावती-खामगावकडे अलायन्स, वाशीमला नाझरीन ही सगळी प्रॉटेस्टंट कामे. म्हाताऱ्या माणसाने 'मिशनच्या दवाखान्यात जन्मलो' असे सांगितले तर कोणता दवाखाना ते विचारा. बोलण्यातला एक शब्दही पुरतो: 'मिस्सा', 'फादर', 'सिस्टर' म्हणणारे घर कॅथलिक, 'उपासना', 'पाळक', 'प्रभूभोजन' म्हणणारे दुसरीकडचे.

रजिस्टर वाचणे

सगळ्यात मोठा खजिना धर्मग्रामाच्या कपाटातच असतो: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांची रजिस्टरे, आणि नशीब असेल तर घरोघरची यादी. या यादीला लॅटिनमध्ये 'स्तातुस आनिमारुम' म्हणतात. १९१७ च्या धर्मकायद्याने ही पाचही पुस्तके ठेवणे बंधनकारक केले. आजच्या, म्हणजे १९८३ च्या कायद्यातही जुनी पुस्तके काळजीपूर्वक जपण्याची अट आहे. फादरांकडे परवानगी मागताना हे आदराने सांगितले तर कपाट लवकर उघडते. परवानगी लेखी घ्या. पुस्तक चर्चच्या ऑफिसबाहेर नेऊ नका, झेरॉक्सला तर अजिबात नाही. झेरॉक्ससाठी शिवण दाबली की कणा तुटतो.

फोटो मोबाईलने काढा. खिडकीजवळ टेबल, फ्लॅश बंद, मोबाईल पानाला समांतर, पानाखाली पांढरा कागद. दोनशे पानांचे पुस्तक म्हणजे शंभर फोटो, दोघांनी मिळून दीड-दोन तासांचे काम. पहिला फोटो मुखपृष्ठाचा घ्या, कोरी पानेही सोडू नका. नाहीतर पुढे कोणी विचारेल की मधली पाने कुठे गेली. हात धुऊन कोरडे केले की पुरे. जुनी लोहयुक्त शाई तपकिरी होते आणि कागद आतून खाते, म्हणून पान कोपऱ्याने न उचलता खालून हात घालून उलटा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. टेपचा डिंक पाच-सात वर्षांत पिवळा पडून अक्षरासकट सुटतो. कसर आणि वाळवी दिसली तर पुस्तक वेगळ्या पेटीत ठेवा आणि काम पावसाळ्यात करू नका. दिवाळी ते होळी हा काळ चांगला.

जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात, पण घाबरायचे कारण नाही. एकच साचा पुन्हा पुन्हा येतो. नमुन्यादाखल अशी एक ओळ घ्या: 'दिए ४ ७-ब्रिस १९११ एगो इन्फ्रास्क्रिप्टुस बाप्तिझावी इन्फान्तेम नातुम दिए २० आउगुस्ती, फिलियुम लेजितिमुम…' म्हणजे: 'तारीख ४, मी खाली सही करणाऱ्याने २० ऑगस्टला जन्मलेल्या, अमुकच्या औरस मुलास बाप्तिस्मा दिला.' पुढे आईबापांची नावे, गाव, आणि 'पात्रिनी' या शब्दानंतर धर्मपिता-धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे. वीस नोंदी वाचल्या की एकविसावी आपोआप लागते.

आता त्या '७-ब्रिस'कडे बघा. नव्याने वाचणारा हमखास 'सातवा महिना' म्हणून जुलै लिहितो. तो सप्टेंबर आहे. रोमन वर्ष मार्चपासून मोजत, म्हणून सेप्तेम म्हणजे सात हा सप्टेंबर, ८-ब्रिस ऑक्टोबर, ९-ब्रिस नोव्हेंबर आणि रोमन दहाच्या खुणेसह ब्रिस म्हणजे डिसेंबर. वरच्या नोंदीत जुलै धरला तर जन्माआधी बाप्तिस्मा होतो, म्हणून चूक पकडता येते. पण जिथे जन्मतारीख दिलेली नाही तिथे ती दोन महिन्यांची चूक तशीच छापली जाते. एखाद्या चर्चचा पहिला बाप्तिस्मा किंवा आशीर्वादविधी अशाने भलत्याच महिन्यात पडतो.

गावांची नावे फ्रेंच कानाने लिहिलेली असतात. 'च' साठी टी-सी-एच, 'ज' साठी डी-जे, 'ऊ' आणि 'व' साठी ओ-यू. चांदा 'टी'खाली सापडतो आणि वर्धा 'ओ'खाली. वाचताना ओळ मोठ्याने म्हणा. डोळ्याला न कळलेले गाव कानाला कळते. माणसांच्या नावांतही तोच घोळ आहे. रजिस्टरातला 'याकोबुस' घरी जेम्स असेल किंवा याकोब असेल, 'आलोयसियुस' लुईस असेल. आडनाव बहुधा नसतेच. त्यामुळे माणूस ओळखायचा तो बापाचे नाव, गाव आणि धर्मपिता या तिन्हींवरून.

समासात लिहिलेले कधीही सोडू नका. त्या माणसाचे पुढे लग्न कुठे झाले, कोणी संन्यास घेतला, कोण कुठे गेला, हे मूळ बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहायची पद्धत आहे. नागपूर, कामठी, भुसावळ, मुंबई अशी नावे समासात दिसू लागली की समजायचे, गावची मुले रेल्वेत नाहीतर गिरणीत गेली. धर्मग्रामाच्या स्थलांतराचा इतिहास दुसऱ्या कुठल्या कागदात इतका नेमका मिळत नाही.

धर्मपित्याच्या रकान्यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सगळ्या नोंदी एका वहीत उतरवून धर्मपित्यांची नावे मोजा. एखादे नाव पाच-सहा गावांत वीस-तीस वेळा येईल. नातेवाईक एवढे नसतात. तो त्या भागाचा कॅटेकिस्ट असतो, लोकांच्या तोंडी 'मास्तर'. फादर बंडीने किंवा घोड्यावरून महिन्यातून एकदा यायचा. प्रार्थना शिकवणे, आजाऱ्याला भेटणे, मेलेल्याला मूठमाती देणे हे मास्तर करायचा. स्मरणिकांत फादरांची यादी सालवार असते आणि मास्तरांचे एकही नाव नसते. ज्यांनी धर्मग्राम खरोखर उभा केला ती माणसे अशी गळून जातात. त्यांची नावे रजिस्टरातून काढून छापणे हे या पुस्तकाचे पहिले कर्तव्य आहे. दवाखाना आणि बोर्डिंग चालवणाऱ्या सिस्टरांचेही तसेच. त्यांची नोंद त्यांच्या कॉन्व्हेंटच्या दैनंदिनीत असते, ती वेगळी मागा.

आकडे काढताना सावध राहा. 'इन आर्तिकुलो मोर्तिस' किंवा 'इन पेरिकुलो मोर्तिस' म्हणजे मरणाच्या दारात दिलेला बाप्तिस्मा. पटकीच्या साथीत, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत, १९१८ च्या इन्फ्लुएंझात अशा नोंदी फुगतात. 'पारेन्तिबुस इग्नोतिस', म्हणजे आईबाप अज्ञात, ही अनाथ मुलांची खूण. अशी सगळी नावे बेरजेत धरून 'त्या वर्षी दोनशे जण ख्रिस्ती झाले' असे लिहिले तर ते खोटे ठरते. त्यांतली कित्येक मुले आठवडाभरात मृत्यूच्या रजिस्टरात सापडतात. समाज केवढा होता हे घरोघरच्या यादीवरून आणि विवाहांच्या संख्येवरून सांगावे. पडताळ्याला १९०१ ते १९३१ च्या जनगणनेचे तक्ते आहेत, त्यांत रोमन कॅथलिकांचा वेगळा आकडा मिळतो.

जमीन आणि इमारत

जमिनीचा कागद खोटे बोलत नाही, फक्त उशीर करतो. ताबा आधी, लेखी दस्त नंतर, फेरफार त्याहून नंतर, असे तीन टप्पे असतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची-२ (नोंदवलेल्या दस्तांची यादी) गाव आणि सालानुसार पाहता येते. सातबारावरून मागे जात फेरफार काढा. गावठाणातली जागा असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका. नागपूरकडच्या जिल्ह्यांत मालगुजारी होती, ती १९५१ मध्ये संपली. तिथे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि त्याआधीचा बंदोबस्ताचा कागद बघावा लागतो. वऱ्हाडात रयतवारी होती, त्यामुळे तिथला शोध वेगळ्या वाटेने जातो. जुन्या दस्तात जागा कधी 'बिशप, नागपूर' अशी पदाच्या नावावर असते, कधी एखाद्या फादरच्या व्यक्तिगत नावावर. दुसरा प्रकार दिसला तर त्यावरून निष्कर्ष छापण्याआधी धर्मप्रांताच्या कार्यालयाला दाखवा. मालकीचे वाद स्मरणिकेतल्या एका वाक्यावरूनही पेटतात. शाळेसाठी दाखल-खारीज रजिस्टराचे पहिले पान पुरते, आणि गावातले जन्ममृत्यू पडताळायला कोतवाल बुक.

इमारत स्वतः बोलते. कोनशिलेवरचे साल पाया घातल्याचे, घंटेवरचे साल ती ओतल्याचे. दोन्ही उद्घाटनाची साले नव्हेत. घंटेवर कारखान्याचे नाव ओतलेले असते, शिडी लावून वाचा. ॲनेसीजवळ पाकार कुटुंबाचा घंटा ओतण्याचा जुना कारखाना आहे आणि आपले पहिले फादर त्याच मुलखातले, त्यामुळे हे नाव दिसले तर घंटा कुठून आली ते कळते. अक्षरे गंजाने बुजली असतील तर खरवडू नका. पातळ कागद लावून पेन्सिल आडवी घासली की ठसा उतरतो. छत बदलताना काढलेली मंगलोरी कवेलू कोपऱ्यात पडलेली असतील तर एक उलटे करून बघा, खाली कारखान्याचा छाप असतो. भिंत चुना-सुरखीची आणि वरचा भाग सिमेंटचा असेल तर चर्च दोन टप्प्यांत उंचावले. अशा वेळी किर्दीत सिमेंटच्या पोत्यांची खरेदी शोधा. वेदी लोकांकडे तोंड करून कधी फिरवली हेही कोणी लिहून ठेवत नाही. १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या वर्षांत सुताराच्या मजुरीची नोंद पाहा, तिथे तारीख मिळते.

माणसांकडून ऐकताना

'कोणत्या साली?' असे विचारू नका. 'लाल मिलो ज्वारी खायला मिळत होती तेव्हा की आधी?' असे विचारा, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाचा खुंटा मिळतो. 'मिशनमध्ये दुधाची पावडर वाटत होते तेव्हा तुम्ही कितवीत होता?' 'दीक्षाभूमीच्या आधी की नंतर?' एका बैठकीला पाऊण तास, दोनच माणसे, आणि आजीबाईंना आधी. लग्न, बाळंतपण आणि बोर्डिंगचे जेवण यांतून त्यांना वर्षे पक्की आठवतात.

दीक्षाभूमीचा प्रश्न टाळायचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मिशनचे काम ज्या वस्त्यांत होते त्यांतल्या अनेक त्याच चळवळीच्या होत्या. १९५१ ते १९६१ या वर्षांचे बाप्तिस्म्याचे आकडे वेगळे काढा, गावनिहाय मांडा आणि जे दिसेल ते लिहा. एकाच घरात एक भाऊ मिस्साला जातो आणि दुसरा बुद्धवंदना म्हणतो, हाही या मातीतला खरा इतिहास आहे, आणि तो सन्मानाने लिहिता येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीची सवलत राहिली नाही. त्यामुळे चर्चच्या रजिस्टरात एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे बऱ्याच घरांत सापडेल. याला लपवाछपवी म्हणू नका, आणि आज हयात असलेल्या कोणाचीही अशी जोडी छापू नका. औरस-अनौरसचे शेरे, मोडलेली लग्ने, जातीचे उल्लेख हेही नावानिशी बाहेर काढायचे नाहीत. त्या काळाच्या विरोधाची बाजूही वाचा. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी लावली, अहवाल १९५६ मध्ये आला. राजधानी नागपूर होती आणि विदर्भ त्याच राज्यात होता. त्यातले आरोप आणि मिशनचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवले तरच वाचकाला तो काळ कळेल.

लिहायला बसण्याआधी हाताशी सहा महिन्यांचा शोध हवा. अमृतमहोत्सव वर्षावर आला असेल तर आजच लागा. छापण्याच्या दोन महिने आधी कच्ची प्रत चर्चच्या मागच्या बाकावर दोरीने बांधून ठेवा, शेजारी पेन. रविवारच्या मिस्सानंतर माणसे स्वतःच्या आज्याचे नाव शोधतात आणि चुका दाखवतात. आलेली प्रत्येक दुरुस्ती मूळ कागदाशी ताडा, मगच घ्या. फोटोंची एक प्रत धर्मग्रामात, एक धर्मप्रांताच्या अभिलेखागारात आणि एक गावाबाहेर कुठेतरी राहू द्या. हार्ड डिस्क दर पाच वर्षांनी बदला, आणि ती बदलायची जबाबदारी कोणाची ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पदासह लिहा.